विमानाची सावली पडते का

आमच्या गावावरून विमानं जातात. उतरत कुठीच नाईत, नुस्ती जातात, लय उंचावरून. लग्न होऊन आली तवापासून मले त्याईचा नाद लागला. आमच्या यायनं, म्हणजे नवऱ्यानं, फोनमधी एक नकाशा टाकून देला, त्याच्यात पिवळं विमान सरकताना दिसते, कुठून निघालं, कुठी चाललं, किती उंच हाये, सारं दिसते. मी आठवीपर्यंत शिकली, पण तेवढं वाचता येते. जवळच्या धाड गावच्या बाजारालेबी मले कोणी संग नेत नाई अन् वरतून मुंबईचं विमान कलकत्त्याले चाललं, अन् मले ते माहीत हाये! आत बसलेल्याईले खाली आमचं गाव दिसत असन का?

फोटो काढाचं मी आपल्याआपणच शिकली. आवाज येते तिकडं पाहाचं नाई, आवाज मांगून येते, विमान पुढं गेलेलं असते. सूर्य पाण्याच्या टाकीच्या आड घ्याचा. फोन धाब्याच्या, म्हणजे घरावरच्या गच्चीच्या, कठड्यावर टेकवाचा, हातात धरला का हालते. काच पदरानं पुसून घ्याची. मांगं दोन रेघा निघाल्या तं दोन इंजिनं, चार निघाल्या तं चार. चारचं मले एकदाच घावलं, अन् मी एवढ्यानं वरडली का शेजारची धावत आली, तिले वाटलं साप निघाला.

मंग पोरगं झालं. त्याले कडेवर घेऊन मी पाहाची. चार महिन्याचं झालं अन् ते वाळाले लागलं. प्याले घेतलं का दोन घोट प्याचं अन् तोंड फिरवून रडाचं. मले काईच सुधरेना. त्याले उचललं का आधी हातातच वजन करून पाहो मी, कालच्यापेक्षा हलकं लागते का म्हणून.

एक दिवस सांजच्यानं मी धाब्यावरून उतरून राह्यली अन् आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, अंगणात दोरीखाली उभ्या.

"इमान गेलं का वं आत्ताच?"

"हो, गेलं नं."

"अन् पोराची लंगोटं दोरीवरच?"

"ओली होती, आत्याबाई."

"ओल्या कपड्यावरून पाखरू गेलं, त्याची सावली पडली का लेकरू वाळते, हे तुह्या मायनं नाई सांगतलं तुले? अन् हे तं येवढं मोठ्ठं लोखंडाचं पाखरू! रोज जाते मेलं!"

त्याईनं सांगून टाकलं, अमावस्येले बुवाकडून दोरा आणाचा, तोवर पोराले उंबऱ्याच्या बाहेर काढाचं नाई. अंगणवाडीत नाई, दवाखान्यात नाई. शीव ओलांडली तं सावली पक्की बसते म्हणे. अमावस्या लय लांब होती, अन् पोरगं रोज हलकं होऊन राह्यलं होतं.

मले भेव वाटे का त्या म्हणतात तेच खरं निघन. मीच त्याले घेऊन विमानाखाली उभी राह्याची नं. पण एक सवाल काई केल्या डोक्यातून जाये ना. येवढी विमानं पाह्यली, फोटो काढले, पण त्याईची सावली कवा पाह्यली मी? मी तं सदा वरतच पाह्यलं!

म्हणून मी खाली पाहाले लागली. कपड्याच्या दोरीची सावली ठळक पडे. खांबावरच्या तारेची पुसट, जशी पाण्यानं पुसली. म्हणजे उंच गेलं का सावली इरते का? मंग विमान तं कुठल्या कुठी. पण माहं कोण ऐकते?

दुपारी आत्याबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. कोंबडी पिलं घेऊन उकरून राह्यली होती. घारीची सावली अंगणातून सरकन गेली, कोंबडीनं आवाज देला, सारी पिलं पंखाखाली. मी फोनात पाह्यलं, एक विमान नीट आमच्या डोक्यावर येऊन राह्यलं होतं.

"आत्याबाई, आता इमान येते. वर नका पाहू, कोंबडीकडं पाहा."

"काऊन? कोंबडी काय तिकीट काढून राह्यली?"

"पाहा तं खरं."

विमान आलं, वरतून गेलं, आवाज मांगून आला. कोंबडीनं मानसुद्धा वर केली नाई. पिलं दाणे टिपत राह्यली. अंगणात सावली म्हणून नाई, उन्ह होतं तसंच. आत्याबाईच्या हातातलं सूप थांबलं. मंग त्या म्हणे, "थांब, दुसरं येऊ दे." दुसरं आलं, तेबी तसंच गेलं.

"कोंबडीले फसवता येत नाई बापा," त्या म्हणे. "लेकराच्या जीवाची गोष्ट तिले कळते."

मले खुशी व्हाले पाह्यजे होती. पण मले जास्तच भेव लागलं. विमान नाई तं मंग काय? आत्याबाईच्याबी तेच मनात आलं असन, कारण त्या उठल्या, लुगड्याले लागलेला भुसा झटकला अन् म्हणे, "लुगडं बदलतो. जीप भेटते का पाह्य."

धाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पोराचं तोंड उघडून बत्ती मारली. जिभेवर पांढरा थर होता. तो आमाले माहीत होता, आमी दोघी त्याले दूधच समजत होतो, रोज फडक्यानं पुसत होतो. तिनं हलकेच खरडून पाह्यलं, थर निंघे ना, खालून लाल. "हे दूध नाही, बुरशी आहे," ती म्हणे. "दुखतं त्याला, म्हणून पीत नाही." तोंडात टाकाचे थेंब देले, माह्या छातीले लावाचा मलम देला, अन् थर गेला तरी वजनाले आणा म्हणून बजावलं.

"दुखत होतं नं त्याले," आत्याबाई जीपमधी मले म्हणे, "अन् आमी त्याले उंबऱ्यात कोंडून ठेवाले निंघालो."

चार-पाच दिवस गेले. सकाळी मी त्याले प्याले घेतलं, दोन घोट झाले, तीन झाले, मी दम धरून बसली, आता तोंड फिरवते, आता फिरवते. नाई फिरवलं. एका बाजूचं संपवलं अन् दुसऱ्या बाजूसाठी रडला. आत्याबाई चुलीपासून वरडल्या, "काऊन रडून राह्यला वं तो?"

"भूक लागली त्याले!" मी म्हणली.