खिशातून आलेली लस

मंडळींनो, आपल्या मराठी मंडळाच्या फलकावर मुद्दाम लावतोय, वाचल्याशिवाय जाऊ नका.

आज सकाळी आमच्या बालीगंजच्या घरी कुत्र्याला रेबीजची लस टोचायला 'डॉक्टर' आला. ट्राममधून घामाघूम होऊन आलेल्या या माणसाने लस शर्टाच्या खिशातून काढली. बर्फ नाही, थर्मास नाही.

मी पदवी विचारली. म्हणाला, "दवाखाने में पट्टी बाँधता था, साब. आज तक किसी ने पूछा नहीं."

त्याला तसाच हाकलला. स्वयंपाकाची बाई ठेवताना आपण चार घरी चौकशी करतो, आणि हा नुसत्या गळ्यातल्या नळीवर डॉक्टर झाला.

तुमच्यापैकी तिघांकडे याआधी त्याला मीच पाठवला होता, पदवी न विचारता. तुमच्याकडेही त्याने लस खिशातूनच काढली होती का?