मुद्द्याचं बोलणारे मामा

बायका बोलतात आणि पुरुष ठरवतात, हा सृष्टीचा नियम आहे. निदान आमच्या पेणच्या आळीतले मामा तसं सांगत. सांगताना उभ्या तळहाताने हवा कापत आणि म्हणत, "मुद्द्याचं बोला." ते कोणाचेच सख्खे मामा नव्हते, पण आळीतलं एकही लग्न त्यांच्याशिवाय ठरत नसे. असे गृहस्थ तुमच्याही आळीत असतील.

माझ्या लग्नाची बोलणी करायला रोह्याला गेलो, तेव्हाही पुढे मामाच होते. मुलगी तिथल्या एका कंपनीत नोकरीला. ती मला पसंत होती, मीही तिला चालत होतो. राहिली होती ती फक्त बोलणी.

आम्ही पुरुष ओटीवर बसलो. आईला आत नेलं. आत बिरड्याची तयारी चालली होती. मोड आलेले वाल एकेक करून सोलायचे, हे काही एकटीचं काम नव्हे. आमच्याकडे आत येईल त्या बाईपुढे मूठभर वाल सरकवतात, मग ती होणारी विहीण का असेना.

मामांनी "मुद्द्याचं बोला" म्हणून सुरुवात केली आणि भाताचं पीक, निडी स्टेशनात अडकणारी गाडी आणि देशाचं पुढे कसं होणार, हे सगळं मुद्देसूद मांडलं. मुलीचे वडील गंभीरपणे "व्हय, व्हय" म्हणत होते. खरा मुद्दा आला चहा संपल्यावर. वडील म्हणाले, पोरगी नोकरी सोडणार नाय. मामांनी हवा कापली. पेणहून रोज रोह्याला? मग घरात बघायचं कोणी? वडील म्हणाले, नाय तर नाय. मामा उठून चपला शोधू लागले. मला बोलायचं होतं; पण अशा बैठकीत नवऱ्या मुलाला कोणी विचारत नसे.

"चल गो ताई, इथं जमत नाय," मामांनी आत हाक दिली.

"वाल सोलायचे हायत अजून," आई आतून म्हणाली. "अर्धे टाकून कशी उठू?"

मामा एक चप्पल घालून उभे राहिले.

आत लग्नाचा विषयसुद्धा निघाला नव्हता, हे आईने मला नंतर सांगितलं. मुलीची आई एवढंच म्हणाली होती की पोरीचा हात वालावर भरभर चालतो, पण कंपनीतून यायलाच दिवेलागण होते. आईने विचारलं होतं, संध्याकाळी पेणची गाडी कितीला?

वाल संपेपर्यंत जेवायची वेळ झाली. पाहुण्यांना उपाशी कोण जाऊ देणार? पंगतीत वाढताना आई सहज म्हणाली, "पोरगी गाडीने येत-जात राहील. घरात मी हाय की." आणि मामांच्या पानात आणखी बिरडं वाढलं.

मुलीचे वडील म्हणाले, "मग सुपारी कधी फोडायची?"

"मी म्हटलंच होतं," मामा बोटं चाटत म्हणाले. "मुद्द्याचं बोललं की सुटतं."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की मामांच्या एका शब्दावर आळीतले अनेक संसार उभे राहिले. त्यांत आमचाही धरला होता. मी मान डोलावली.

बायको निवृत्त होईपर्यंत त्याच गाडीने येत राहिली. आई थकल्यावर वाल मी सोलू लागलो. सोलताना मी फार बोलतो, असं बायकोचं म्हणणं आहे.