विश्वनागरिकाची वरची खोली

सूड घ्यायचा म्हणूनच मी त्या भाषणाला गेले. उगाच गोड कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी माझी अमरावतीहून अकोल्याला बदली झाली. रोजच्या एसटीनं कंबर मोडली, म्हणून खोली शोधू लागले. एका निवृत्त प्राध्यापकाच्या फाटकावर पाटी होती, वरची खोली भाड्याने देणे आहे. माणूस भला वाटला. पोरगी कॅनडात, पोरगा जर्मनीत. "आम्ही जातपात मानत नाही हो, आम्ही विश्वनागरिक," म्हणाला. मग विचारलं, गाव कोणतं? म्हटलं, भातकुलीजवळ. गावात घर कोणत्या बाजूला? आडनावावरून जात कळली नाही, की आमच्याकडे लोक हे विचारतात. मी सरळ सांगितलं, "बुद्धविहाराले लागून."

"अरेरे, खोली तर कालच गेली!"

पाटी पुढे तीन महिने तशीच होती. ऑफिसला जाता-येता दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

गेल्या महिन्यात अमरावतीत त्याच माणसाचं व्याख्यान होतं, 'विश्वनागरिकत्व शक्य आहे का?' मी पहिल्या रांगेत बसले. सीमा पुसा, माणूस तेवढा एक. बोलला छान, खोटं कशाला सांगू! एकदा तर माझेही हात टाळीसाठी उठले, आणि त्याचाच जास्त राग आला. तसं जग मलाच त्याच्याहून जास्त हवं आहे.

प्रश्नांच्या वेळी मी माईक घेतला. "सर, तुमचं गाव कोणतं? गावात घर कोणत्या बाजूले?"

वाटलं, आता घाम फुटेल याला. कशाचं काय! नदी, देऊळ, आजोबांची विहीर, गडी खुशीत सांगत सुटला. ज्या प्रश्नानं माझी खोली गेली होती, तो याला गोड लागला. डावच फसला माझा.

मग मी सरळच विचारलं. "मी तुमच्याकडं खोली पाहाले आली होती. विहाराजवळचं घर म्हटलं, आन् तुमी खोली गेली म्हणाले. काहून?"

तो म्हणाला, "ताई, खरंच आठवत नाही मला."

खोटं बोलत नव्हता तो. किती जणांना परत पाठवलं असेल, की मी आठवूही नये! अंगाची नुसती आग झाली.

संयोजक धावत आले. "ताई, चहा थंडा होऊन राहिला." मी माईक सोडला नाही.

"सर, खोली आता रिकामी आहे का?"

भर सभेत काय बोलणार? "आहे," म्हणाला.

"मंग मी उद्या सामान आणतो. हो म्हणा."

तो पाणी प्याला, रुमालानं मान पुसली.

"माझी काहीच हरकत नाही हो," तो म्हणाला, "पण घरच्यांना विचारावं लागेल."

मागून कोणीतरी फसकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. मी माईक त्याच्यासमोर ठेवला आणि चहा प्यायला गेले.