धोंड्याचा जावई आणि चेंबरचा बोल्ट

माझ्या हाताला एक वाईट खोड आहे. जे म्हणून फिरतं, ते मी पिळतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी लावलं की ते उघडायला शेजारून माणूस बोलवावा लागतो. नळ मी बंद केला की दुसऱ्या दिवशी त्याचा वायसर जातो. 'घट्ट ते चांगलं' एवढं एकच तत्त्वज्ञान मला आयुष्यात जमलं आणि तेही चुकीचं निघालं.

हे चुकीचं आहे हे मला कळलं ते सासुरवाडीत, आणि तेसुद्धा धोंड्याच्या महिन्यात. म्हणजे माणसानं कुठं आणि कधी शहाणं व्हावं याचीही काही रीत असते, ती मला नव्हती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच अधिक महिना आला. आम्ही महाळुंगे पडवळचे, सासुरवाडी येडगावच्या धरणालगतच्या एका वस्तीवर. धोंडे जेवायला या म्हणून रीतसर निरोप आला, मी नवे कपडे घालून गेलो आणि त्या घरानं मला देवच करून टाकलं. मी उठलो की सगळे उठत. पाण्याचा तांब्या मी उचलायचा नाही, दोन जण धावत. सासरे मला 'जावईबापू' म्हणत आणि बोलताना माझ्या खांद्याच्या वर कुठंतरी बघत. सासूबाई पदर सावरून दारातून विचारत, "आणखी दोन अनारसं आणू का?" मी नको म्हटलं की चार येत. बाजेवर बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या. देवळातल्या देवाला इतकं कंटाळवाणं होत असेल तर तो नवसाला का पावत नाही हे मला त्या दोन दिवसांत समजलं.

घरात बोलण्याचा विषय मात्र मी नव्हतो. विषय होती माझी मेव्हणी. दुसऱ्या दिवशी नारायणगावला आरटीओचा कॅम्प होता आणि तिची लायसनची परीक्षा होती.

सासऱ्यांना दोन मुलीच. थोरली मला दिलेली. धाकटी सासऱ्यांच्या जुन्या डिझेल जीपवर धरणाच्या रस्त्यानं गाडी शिकली होती. त्या काळात आमच्या भागात पोरगी जीप चालवते म्हटलं की लोक बांधावर येऊन उभे राहायचे. सासऱ्यांनी तिला एकच संधी दिली होती, तीही सगळ्यांसमोर: "एकदा बसायचं परीक्षेला. पास झाली तर टोमॅटो घेऊन मार्केटात तूच जायचं, मी काय ड्रायव्हर शोधणार न्हाई. नापास झाली तर पुन्हा स्टेरिंगचं नाव काढायचं न्हाई." शिकाऊ परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती. परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते, आणि वस्तीवरचे बाकीचे जीपवाले आधीच म्हणून मोकळे झाले होते, "पोरीच्या हातात गाडी कोण देतंय राव?" म्हणजे काय ते सगळं त्या एका जीपवर होतं. हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. मलाही होतं. म्हणूनच तर मी उठलो.

जेवणं झाली, सासरे आडवे झाले. सकाळी ते सहज म्हणाले होते, "ऑइल काळं पडलंय, कॅम्पवरून आलो की बदलू." मी मनात म्हटलं, कॅम्पवरून आल्यावर कशाला? आत्ताच बदलू. मेव्हणीची गाडी उद्या कशी लोण्यासारखी चालेल! बायकोनं माहेरी आधीच सांगून ठेवलं होतं की, यांना मशिनरीतलं सगळं कळतं. कशाच्या आधारावर, ते तिलाच ठाऊक. मी एकदा मोटरसायकलचा प्लग पुसला होता. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसा मी सासऱ्यांनी आणून ठेवलेला ऑइलचा डबा आणि पाना घेऊन नव्या कपड्यांनिशी जीपखाली शिरलो.

इंजिनाच्या खाली ऑइलचं चेंबर असतं, त्याच्या बुडाला एक बोल्ट. तो काढला, काळं ऑइल घमेल्यात सोडलं, बोल्ट परत लावला, वरून नवं ऑइल ओतलं. इथं मी उठून हात धुतले असते तर आज मी त्या घरात इंजिनिअर असतो. पण बोल्टाखाली एक थेंब दिसला. एकच. मी पान्यानं पिळलं. थेंब परत आला. तेव्हा मी गोठ्याशेजारी पडलेला लोखंडी पाइपाचा तुकडा पान्याच्या दांड्यात घातला, म्हणजे जोर दुप्पट, आणि कचकून ताण दिला. बोल्ट आधी घट्ट झाला, मग आणखी घट्ट झाला, आणि मग एकदम मऊ झाला. इतका मऊ की मला वाटलं, वा, बसला वाटतं! बसला कुठला? तो माझ्या हातात आला, आणि त्याच्या मागोमाग सगळं नवं ऑइल माझ्या छातीवर.

बोल्टावर चकचकीत तारेची स्प्रिंग गुंडाळली होती. ते चेंबरचे आटे होते, ज्यात बोल्ट पिळून बसतो ते. आतले, सगळेच्या सगळे.

मी बाहेर आलो तेव्हा अख्खं घर अंगणात उभं होतं. मला वाटलं, आता सासरे आईमाईवरून उद्धार करतील. माझे वडील असते तर त्याच पाइपानं मला सडकलं असतं. सासऱ्यांनी बोल्ट हातात घेतला, उन्हात धरून पाहिला आणि माझ्या खांद्याच्या वर बघत म्हणाले, "असू द्या जावईबापू. लोखंडच जुनं व्हतं." मग माझ्या बायकोकडे वळून गरजले, "ह्यो पाइप हितं कुणी ठिवला व्हता गं? आं? अक्कल हाय का न्हाई?" पाइप त्यांनीच ठेवला होता. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं लेकीला बोलून जावयाला लागत होतं. नंतर त्यांनी कुत्र्यालाही झापलं. माझ्या वाट्याचं सगळं वाटून टाकलं, मला सोडून.

मेव्हणी पुढं आली. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती हेडलाइट पुसत होती. मला तिथल्या तिथं जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

सासरे लूना घेऊन पिंपळवंडीच्या लेथवाल्याकडे गेले. लेथवाला नव्हता. तोही धोंडे जेवायला सासुरवाडीला गेला होता! अधिक महिन्यात आमच्याकडचे निम्मे मिस्त्री पाटावर बसलेले असतात. त्याच्या म्हाताऱ्यानं आटे पाडायचा टॅप, एक सूत मोठा बोल्ट आणि तांब्याचा वायसर दिला, कसं करायचं ते तोंडी सांगितलं आणि म्हणाला, टॅप तिरका गेला तर चेंबरच बदला.

आता जीपखाली जाणार कोण? सासऱ्यांचा खांदा धरलेला, हात वर होत नव्हता. मी पुढं झालो, तर सासूबाई कडाडल्या, "अगं बया! धोंड्याच्या जावयाला गाडीखाली घालता व्हय? पाप लागंल." तेलानं मी आधीच न्हालो होतो, पण ते पापात धरलं नव्हतं. शेवटी मेव्हणी ओढणी कंबरेला खोचून स्वतःच आत गेली. मला काम मिळालं आरशाचं. सासऱ्यांचा दाढीचा आरसा धरून ऊन तिच्या हातावर पाडायचं. त्यासाठी सासूबाईंनी मला बसायला पाट दिला.

टॅपच्या खाचांत तिनं ग्रीस भरलं, लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून. पहिल्यांदा लावला तो तिरका धरला. सासरे वाकून म्हणाले, "थांब. काढ. पुन्यांदा." तिनं काढला. दुसऱ्यांदा तो सरळ लागला. मग अर्धा फेरा पुढं, थोडा मागं, अर्धा पुढं, थोडा मागं. करकर करकर. ती घामानं भिजली, पण हात घाई करत नव्हता. मी आरसा धरून तिच्याकडे बघत होतो आणि मला पहिल्यांदा कळलं की मागं फिरवणं हासुद्धा कामाचाच भाग असतो. तेवढ्यात माझा हात हलला. "दाजी, उजेड," ती म्हणाली. एवढंच, आणि तेही अदबीनं.

आटे पडले. जरासं डिझेल ओतून आतला कीस धुऊन काढला, मोठा बोल्ट बसवला, ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याकडून ऑइल आणून भरलं. सासरे बोल्टाखाली कोरडं फडकं धरून बसले. दिवस मावळला तरी फडकं कोरडंच होतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या मैदानात ही गर्दी! साहेब शेजारी बसले, तिनं जीप आठाच्या आकड्यात फिरवली, मागं घेतली, चढावर थांबवून मागं न घसरू देता उचलली. साहेब उतरून नुसतं "हं, पास" म्हणाले. सासऱ्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. खरं तर डोळे पुसले, पण तसं म्हणायची सोय नव्हती. येताना तीच चालवत होती, शेजारी सासरे, मागं आम्ही दोघं.

वाटेत रसवंतीपाशी गाडी थांबली. सगळे उसाचा रस प्यायला उतरले. मी सहज खाली वाकून बघितलं. बोल्टाखाली ओल दिसल्यासारखं वाटलं. एक थेंब असावा, किंवा नसावाही. पाना सीटखाली होताच. मी तो काढला आणि जरासा, अगदी जरासाच पिळावा म्हणून गुडघ्यावर बसलो.

"दाजी!"

रसवंतीचा घुंगरूसुद्धा थांबला असेल. मेव्हणी रसाचा ग्लास तसाच ठेवून आली, माझ्या हातातला पाना तिनं हिसकून घेतला आणि भर रस्त्यात, सासरे, बायको, रसवंतीवाला, सगळ्यांसमोर म्हणाली, "पुन्यांदा माझ्या गाडीला हात लावला ना, तर धोंडा बिंडा काय बगणार न्हाई! बसा गप मागं!"

बायकोनं जीभ चावली. मी सासऱ्यांकडे पाहिलं. आता ते तिला झापणार, जावयाला असं बोलतात का म्हणून, असं मला वाटलं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा जीपकडे, आणि मग पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत.

"ऐकलं न्हवं?" ते म्हणाले. "तिची गाडी हाय. बसा मागं."

मी मागं जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला होता की रस प्यायचा राहिला.