पाचव्या दिवशी धुतलेला गणवेश

मी होडीत बसलो तेव्हा आईचे हात ओले होते. शुक्रवारची सकाळ होती. शुक्रवारी दुपारच्या आत घरातला कपडा अन् कपडा धुऊन दोरीवर गेला पाहिजे, संध्याकाळी शब्बाथचा, शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लागताना अंगावर मळका धागा नको, हा तिचा कायदा. मुलगा घर सोडतोय म्हणून त्या कायद्यात सूट नव्हती. विहिरीवरच्या दगडावर अर्धी आपटलेली चादर तशीच टाकून ती धक्क्यापर्यंत आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "पिंपरीला शनिवारी सुट्टी असते का रे?"

"गुरुवारी असते. गुरुवारी तिथे कारखान्यांची वीज बंद असते."

"म्हणजे विजेचा शब्बाथ. आपला नव्हे."

रडली नाही. होडी खाडीच्या मध्यावर गेल्यावर मी मागे पाहिलं तर धक्का रिकामा. ती चादर पुरी करायला गेली होती.

दानियलदादा, हे तुला लिहितोय. तुझ्याबरोबर जे इस्राएलला गेले त्यांनाही, आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आपल्या गावात जी चार घरं उरलीत त्यांनाही. आई गेली तेव्हा तू पत्रात एकच प्रश्न विचारला होतास : सात दिवस नीट पाळलेस ना? मी एका शब्दात उत्तर पाठवलं, हो. ते खोटं होतं. कामगारांसाठी पत्रकं लिहिणारा माणूस मी. मालकाचं खोटं पकडलं की मोठ्या अक्षरात छापतो. स्वतःचं तीन वर्षं पेटीत ठेवलं. आता पुरे झालं.

आधी पिंपरीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पिंपरीला येणारा प्रत्येक जण कुठून तरी सुटून आलेला असतो. माझ्या खोल्यांच्या रांगेत मराठवाड्यातले, मावळातले, कोकणातले, सगळे होते. माझं नाव शिमोन ऐकून पहिल्या महिन्यात मला ख्रिस्ती ठरवलं गेलं. दुसऱ्या महिन्यात, मी पुण्याच्या मशिदीत जाऊन आलो असं सांगितलं म्हणून मुसलमान ठरवलं गेलं. आपण आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणतो हे कुणाकुणाला समजावणार? तिकडे तुम्हाला पहिल्या वर्षी विचारत होते की तुम्ही खरे यहुदी आहात का. इथे मला विचारत होते, यहुदी म्हणजे काय. दोन्ही प्रश्न विचारणारे खुर्चीत बसलेले होते आणि आपण उभे होतो, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

शनिवार तर मी पहिल्याच आठवड्यात विकला. पहिल्या शिफ्टला हजर, सातला लेथवर. आईला पत्रात लिहिलं की मनात पाळतो. तिने उलट लिहवून पाठवलं : मनात चूल पेटवून भात शिजतो का?

काम मशीन शॉपमध्ये. लेथवर पाण्यात कालवलेलं तेल सतत उडायचं आणि गणवेशात मुरायचं. निळा गणवेश, डाव्या खिशावर टोकन नंबर शिवलेला. वर्षाला एकच जोड मिळायचा. संध्याकाळी घरी येऊन धुवायचा, सकाळी दमट घालायचा. साबण आपला, पाणी नळाला येईल तेव्हा. मी युनियनमध्ये शिरलो तो याच मुद्द्यावर. पहिलं पत्रक लिहिलं त्याचं शीर्षक होतं 'मळका कपडा हा कामगाराचा अपमान आहे.' फाउंड्रीतले लोक ते पत्रक भिंतीला चिकटवून ठेवायचे. मला फार अभिमान होता त्याचा.

मॅनेजमेंट सहा महिन्यांनी बोलणीला बसलं. म्हणाले, दरमहा साबण देतो किंवा दुसरा गणवेश देतो, दोन्ही नाही. मी साबणाच्या बाजूने भांडलो. गणवेश वर्षाने फाटेल, साबण दर महिन्याला हातात पडेल आणि दर महिन्याला कामगाराला आठवेल की हा लढून मिळवला, असा माझा हिशोब. साबण मिळाला. त्याच्या बदल्यात करारात एक ओळ आली : स्वच्छ आणि अखंड गणवेशाशिवाय कामगारास गेटच्या आत घेतले जाणार नाही. त्या ओळीला आम्ही हसलो होतो. साबण दिल्यावर कोण मुद्दाम घाण राहणार आहे? करारातली मराठी मीच तपासून दिली. 'अखंड' हा शब्द माझा.

मग त्या सोमवारी दुपारी तार आली. आई रविवारी संध्याकाळी गेली. सुपरवायझरने तार माझ्या हातात दिली तेव्हा लेथवर चढवलेला जॉब अजून फिरत होता. मी मशीन बंद केलं, रजेच्या अर्जावर सही केली आणि अंगावरच्या गणवेशातच एस.टी.ला धावलो. खोपोलीला गाडी बदलली. खाडीवर पोचलो तर होडीवाल्याने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. सकाळीच दफन झालं होतं. आपल्यात थांबत नाहीत.

घरात बिन्यामिनमामा जमिनीवर बसले होते. उठले, माझ्या गणवेशाची कॉलर धरली आणि डाव्या बाजूला सुरीने जरासा छेद देऊन म्हणाले, "आता तू फाड. उभ्यानेच. काळजापर्यंत." मी फाडलं. कापड तेलाने जड झालं होतं, चटकन फाटलं नाही. दुसऱ्या हिसक्याला चीर खिशावर उतरली आणि माझ्या टोकन नंबराचे दोन भाग झाले.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही आठ भरलो. बाकीचे सगळे तुमच्याकडे. गेलेल्यासाठीचा कद्दिश म्हणताच आला नाही, दादा. हेही तुला लिहिलं नव्हतं. शेजारच्या कोळणीने उकडलेली अंडी आणून दिली, ती आम्ही रीतीप्रमाणे मीठ न लावता खाल्ली.

तीन दिवस मी त्याच कपड्यात जमिनीवर बसलो. लहानपणी आजोबा गेले तेव्हा मी आईला विचारलं होतं, सात दिवस कपडे का धुवायचे नाहीत? ती म्हणाली होती, "माणूस गेल्यावर लगेच चकाचक झालो, तर गेलेल्याला वाटेल की ह्यांनी मला झटकून टाकलं." धुवायचे नाहीत, धुतलेले घालायचे नाहीत, नुसते पाण्यात बुडवायचेसुद्धा नाहीत. घाम, तेल, रडं, सगळं अंगावर राहू द्यायचं. शुक्रवारी जिच्या हातून एक रुमाल सुटत नसे, ती बाई ते सात दिवस विहिरीकडे फिरकली नव्हती.

मला दोनच दिवसांची रजा होती, वर गुरुवार. मी टेम्पररी होतो. कायम व्हायला पाच आठवडे राहिले होते आणि एक दिवस जादा पडला तर सलग नोकरी तुटली असं धरून नाव काढून टाकायचे. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "गरिबाला तीन दिवसांनंतर कामाची मुभा आहे. पोटाला धर्माने वाट ठेवलीय. पण कपड्याला नाही. कामावर जा, पाण्यापाशी जाऊ नकोस. आणि आईबापासाठी फाडलेलं पुरतं शिवायचं नसतं. महिन्याने सैल धावदोरा घाल. चीर दिसली पाहिजे."

शुक्रवारी, पाचव्या दिवशी, मी गेटवर उभा राहिलो. वॉचमन गायकवाडतात्या मावळातले, मला ओळखणारे. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "आरं, ह्ये काय करून घेतलंस?"

"आई गेली, तात्या. आमच्यात फाडतात. सात दिवस धुवायचं नसतं."

"व्हय रं बाबा, तुजं खरं. पन आत सोडाय जमायचं न्हाई. कागद हाय."

कागद माझाच होता. सुपरवायझर बाहेर आला. त्याने करार पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाला की सगळ्यांच्या घरी माणसं मरतात, कुणी कंपनीचा माल फाडत नाही. मालमत्तेच्या नुकसानीचा मेमो देणार म्हणाला. मी युनियनच्या सेक्रेटरीला बोलावलं. हा माणूस माझी पत्रकं सभेत वाचून दाखवायचा. त्याने मला बाजूला घेतलं. "शिमोन, भावा, तुझं दुःख मी समजतो. पण आज तुला सूट मागितली तर उद्या ते म्हणतील, तुमचीच माणसं करार मोडतात. सांग, तुझ्या जागी दुसरा असता तर तू काय लिहिलं असतंस?"

मी काय लिहिलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मेमो सेक्रेटरीने बोलून टाळला, तेवढं त्याने केलं. उद्या पहिल्या शिफ्टला नीट कपड्यात आलास तर आजचा दिवस सांभाळून घेतो, असं सुपरवायझर म्हणाला. उद्या म्हणजे शनिवार. दुसऱ्याचा गणवेश मागून घालता आला नसता, नंबर शिवलेला असतो. दुसरा जोड असता तर तोही धुतलेलाच असता. पण तेव्हा मला तेवढंही खूप वाटलं असतं. तो जोड साबणावर मीच सोडला होता.

दुपारी खोलीच्या दारात बसून राहिलो. शेजारच्या पारूमावशी बाहेर आल्या. बौद्ध बाई, परभणीकडच्या, त्यांचे मालक, म्हणजे नवरा, आमच्याच फाउंड्रीत कामाला. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "असं कुठं असतंय का" म्हटलं नाही. आपल्यावर लादलेला विटाळ सोडून आलेली माणसं ती, दुसऱ्याच्या रीतीला नाक मुरडत नाहीत. शेवटी म्हणाल्या, "दे इकडं. मी धुती. तुझ्या धर्मानं तुला नको सांगितलंय, मला कुठं सांगितलंय? तू आत तोंड फिरवून बस."

फार चांगली सोय होती. मी तिचा विचार केला, लपवणार नाही. पण दुसऱ्याकडून धुऊन घेणंही चालत नाही हे मला माहीत होतं. आणि माहीत नसतं तरी, आपलं नको ते काम नेमकं पारूमावशींनीच का करावं? आयुष्यभर त्यांच्या माणसांकडून लोकांनी हेच करून घेतलं. मी म्हणालो, "नको मावशी. करायचंच तर मीच करीन."

"मग पाणी तरी भरून देते," त्या म्हणाल्या, आणि बादली भरून माझ्यासमोर ठेवली.

चार वाजले होते. शुक्रवारी चार वाजता आपल्याकडे दोरीवरचे कपडे खाली उतरायचे. मी लढून मिळवलेल्या साबणाची नवी वडी फोडली. गणवेश बादलीत घातला तसं पाणी काळं झालं. लेथचं तेल, एस.टी.ची धूळ, घरातल्या जमिनीची माती. मामांचा हात कॉलरला जिथे लागला होता तिथे बोटांचा डाग होता, तो पहिल्याच पाण्यात गेला. मी घासत राहिलो. तीनदा पाणी बदललं, तिन्ही वेळा मोरीत ओतलं. पारूमावशी दारात उभ्या होत्या, शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. नंतर सुई आणून दिली. निळा दोरा नव्हता, पांढरा होता. गेटसाठी 'अखंड' हवं म्हणून मी चीर घट्ट शिवली, नंबराचे दोन भाग जोडले. सैल धावदोऱ्याने तात्यांनी आत सोडलं नसतं. सूर्य मावळला तेव्हा मी शिवतच होतो. शब्बाथही गेला.

शनिवारी तात्यांनी फाटक उघडलं. माझ्या खिशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा." पाच आठवड्यांनी मी कायम झालो. पेढे वाटले नाहीत.

त्यानंतर प्रत्येक मागणीपत्रात मी एक कलम घालतो : घरात मृत्यू झाल्यास कामगाराला त्याच्या रीतीप्रमाणे दिवस पाळू द्यावेत, कपड्याची, दाढीची, डोक्याची सक्ती करू नये. डोकं भादरलेला असो, दाढी वाढवलेला असो, आपल्यासारखा मळका असो, कुणालाही गेटवर स्वतःच्या घरचं मरण समजावून सांगावं लागू नये. दरवर्षी बोलणीत हेच कलम सगळ्यांत आधी गळतं. आमचीच माणसं गाळतात. म्हणतात, ह्यात किती जणांचा फायदा? मी म्हणतो, मरतो प्रत्येक जण. ते हसतात आणि पुढच्या कलमावर जातात.

नवा गणवेश हवा तर जुना स्टोअरमध्ये जमा करावा लागतो. मीही केला. जुन्याच्या चिंध्या करून मशीन पुसायला देतात. कितीतरी महिने मी चिंध्यांच्या टोपलीत हात घालताना आधी पांढरा दोरा शोधायचो. सापडला नाही. कुणाच्या तरी लेथवर पुसला गेला असेल, कदाचित माझ्याच.

दादा, तू लिहितोस की तिकडे सात दिवस सुट्टी मिळते, फोरमन स्वतः येऊन जमिनीवर बसतो, आणि म्हणून तेच आपलं घर. गावातले लिहितात की विहीर आहे, दगड आहे, आईची दोरी अजून बांधलेली आहे, परत ये. तुम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर असाल. माझ्यापुरतं घर कुठेच पुरं उरलेलं नाही. पारूमावशींच्या दारातली ती पाच पावलांची जागा मात्र आहे. गेल्या महिन्यात त्यांचे मालक गेले. मी विचारलं, मावशी, तुमच्यात काय करायचं असतं? त्या म्हणाल्या, "आमच्यात कपड्याचं काही नाही रं. पण आज मला काही धुवायचं नाही." मी त्यांच्या दारातली भरलेली बादली उचलून आत ठेवली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो.