पट्टीवाली आन माझा डावा हात

पट्टीवाली आधी मानसाचे हात पाह्याची, तोंड मंग. वडीगोद्रीच्या अलीकडं सरकीच्या बियान्याचा प्लॉट हाय, तिथं आम्ही बाया कामाला. टेम्पोतून उतरलो की ही बांधावर उभी. राम राम न्हाई, काय न्हाई, नजर सारी आमच्या बोटावर. मला ते बिलकुल आवडलं न्हाई. बैल घेताना दात पाहतेत तसं वाटायचं.

शहरातल्या कॉलेजातून आल्ती. पोरगी विशीतली, पायात मळके बूट. जवळ रबराच्या पातळ पट्ट्या, कातडीवानी मऊ, मधून काजळाची रेघ वढल्यासारखी काळी. बोटाला चिकटवायची. बोट वाकलं की पट्टी तानली जायची आन तिच्या मोबाइलात रेघ वर उठायची. म्हन्ली, "मावशी, ह्या रबरात केसाहून बारीक तारा हायेत, डोळ्याला दिसत न्हाईत. ताण पडला की त्यायला कळतं. कोन्या बोटाला किती तरास हाय ते मला पाह्याचंय."

"आन ह्या रेघायचा कागद कुनाकड जातो?" मी इचारलं.

"माझ्या कॉलेजात."

मी गयाबाईकड पाह्यलं. गया सरकीच्या शेजारच्या वळीत काम करायची. ती म्हन्ली, "हो, आन कॉलेजाचा रस्ता मुकादमाच्या घरावरून जातो."

उगंच न्हाई बोलली. मागं एक जन घड्याळ लावून आमच्या कळ्या मोजून गेल्ता. पुढच्या सालाला तीन बाया टेम्पोत नव्हत्या.

आन माझा तर उजवा अंगठा कामातून गेल्ता. आमचं काम सारं अंगठ्याच्या नखाचं. दुपारून कळीचं साल नखानं सोलायचं, आतले पिवळे दाने काढायचे, मधली काडी मोडू द्यायची न्हाई, वर खुनेला लाल कागद अडकवायचा. सकाळी त्याच कळीवर नराचं फूल फिरवायचं, तवा बी धरतं. घरधनी गेला तवापासून ह्या नखावर तीन लेकरं वाढवली. आता अंगठा वाकत नव्हता, बधिर पडायचा. दुसऱ्या बोटानं कसंबसं भागवायची, कोनाला सांगितलं न्हाई. सांगितलं की टेम्पोतली जागा गेली.

म्हनून मी डावा हात पुढं केला. म्हन्लं, "मी डावरी हाय."

दोन दिवस तिनं पट्टी लावली. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ उकिडवी बसली, हळूच म्हन्ली, "मावशी, हा हात नुसता फांदी धरून राह्यलाय. काम करनारा हात कुठंय?"

मी मनात म्हन्लं, आता संपलं. तिनं मोबाइल खिशात घातला आन म्हन्ली, "पट्टी खोटं बोलत न्हाई. पन चुगली करायची का न्हाई, ते माझ्या हातात हाय." मंग मी उजवा दिला. अंगठ्याची रेघ उठलीच न्हाई, भुईसपाट. ती माझा अंगठा तिच्या मुठीत धरून बसली.

त्याच दुपारी मुकादम आला. पट्ट्यायचे नंबर टाकून रेघा मांडलेल्या तिच्या वहीत डोकावला. "हा सात नंबर लई मंद दिसतो. कोन हाय?"

सात नंबरची पट्टी माझी. गया कळी सोलायची थांबली.

पट्टीवाली म्हन्ली, "नंबर पट्ट्यायचे हायेत, भाऊ. बायायचे न्हाईत."

सांजच्याला जाताना मला म्हन्ली, "दुपारी तुमची वळ गयामावशीला सोलू द्या, सकाळी तिच्या वळीत फूल तुमी फिरवा. त्याला दोन बोटं पुरतात." तवापासून आमचं तसंच चालू हाय. मुकादमाला वळी भरलेल्या दिसत्यात, हात दिसत न्हाईत.

शेवटच्या दिवशी तिनं इचारलं, "मावशी, बसला का माझ्यावर भरवसा?"

"न्हाई," मी म्हन्लं. खरं तेच सांगितलं. हिचा ह्यात काय फायदा, हे मला अजूनबी उमगलं न्हाई.

ती हसली. "बराबर हाय. पट्टी घेऊन कोनीबी आलं तरी आधी इचारत जा, कागद कुनाकड जातो."

ती पुन्हा आली न्हाई. औंदा एक साहेब आला. त्याच्याकडं आख्खे हातमोजेच, पट्ट्या आतून शिवलेल्या, लई गुळगुळीत. गोड बोलला, आई म्हन्ला.

मी इचारलं, "कागद कुनाकड जातो, साहेब?"

त्यानं मुकादमाकड पाह्यलं.

मी डावा हात पुढं केला.