घोडा लवकर आला

“घोडा आलाय,” सातो-सान फोनवर म्हणाले. एप्रिल नुकता लागला होता. माझ्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठीक होते.

मी जपानमध्ये कावासाकीतल्या एका कंपनीत धरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. डोंगरावरचा बर्फ वितळून धरणात किती पाणी येईल, याचा अंदाज आमचं मॉडेल जुन्या नोंदींवरून बांधतं. सातो-सान अशाच एका धरणाखालच्या खोऱ्यात भातशेतीचं पाणीवाटप बघतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या गावासमोरच्या डोंगरावर बर्फ वितळता वितळता घोड्याचा आकार उरतो. तो दिसला की भाताची लावणी करायची, ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत. एरवी घोडा मेच्या मध्यावर येतो.

पुरासाठी जागा हवी म्हणून दर वसंतात धरणातून थोडं पाणी सोडतात. बर्फ ते भरून काढतो. यंदा सोडू नका, वर बर्फ उरलेला नाही, एवढंच सातो-सानचं म्हणणं होतं.

मी माझे बॉस मोरी-सान यांना विचारलं. उंच खिंडीतल्या बर्फ मोजायच्या यंत्राजवळ बर्फ नेहमीइतका होता. हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ मिळून आकडाही सरासरीएवढा.

“घोडा हा डेटा नाही, कुलकर्णी-सान,” ते म्हणाले.

मला ते पटलं. आज तेच बोचतं. त्यांच्या तक्रारीच्या टिकटवर ‘युजरचं निरीक्षण’ असं लिहून मी ते क्लोज केलं. पाणी सोडलं गेलं.

उबदार हिवाळ्यात खालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस पडला होता. बेरीज तीच. पण बर्फ डोंगरावर थांबतो, पाऊस थांबत नाही. तो केव्हाच समुद्राला मिळाला होता. आमचं एकुलतं एक यंत्र उंचावर, त्याला खालचं काय दिसणार? पुढे जूननेही दगा दिला.

जुलैत मी खोऱ्यात गेले. शेतं भेगाळली होती. पाणी पुरेना, तेव्हा सातो-साननी आधी स्वतःच्या शेताचं तोडलं होतं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी उलट वाकून माझीच माफी मागितली. “मला नीट समजावून सांगता आलं नाही,” म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतल्यावर मी भांडून मॉडेलमध्ये एक रकाना वाढवला: घोडा दिसल्याची तारीख.

या वसंतात पुन्हा त्यांचा फोन आला.

“घोडा आलाच नाही. आकार धरण्याइतका बर्फच पडला नाही. तारीख काय लिहू?”

रकाना रिकामा राहिला की मॉडेल सरासरी तारीख धरतं. तसं मीच लिहून ठेवलं होतं. स्क्रीन पुन्हा हिरवी होती.

“स्क्रीनवर विसंबू नका. भात कमी लावा,” मी म्हणाले.

“किती कमी?”

मी जुन्या नोंदी चाळल्या; घोडा न आलेलं एकही वर्ष त्यांत नव्हतं. जुन्यावरून पुढचं सांगणं हा माझा धंदा. पुढचं जुन्यासारखं असेल, तोवरच तो चालतो.